कुलूप नसलेली गुदामे

संगणकाच्या पडद्यावर एक इवलेसे मांजर आहे. माउसचा बाण हलला की ते त्याच्यामागे धावते. बाण स्थिरावला की जांभई देते, अंग खाजवते आणि झोपी जाते. जपानी भाषेत मांजराला ‘नेको’ म्हणतात. या छोट्या प्रोग्रॅमचे नावही तेच. केंजी गोतो यांनी १९८९ साली मॅकिंटॉश संगणकासाठी त्याची आवृत्ती तयार केली. व्यवहाराच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य. बाणाकडे टक लावून पाहणारे दोन डोळे, उघड्या खिडक्यांआड दडणारी झुरळे, पडद्यावर भुरभुरणारा बर्फ अशी आणखीही खेळणी त्या काळी निघाली. ती बहुधा दुकानात मिळत नसत. दूरच्या संगणकांवरून शोधून आणावी लागत.

हे संगणक म्हणजे सॉफ्टवेअरची गुदामेच होती. एक अमेरिकेतील सेंट लुईस येथे वॉशिंग्टन विद्यापीठात, एक फिनलंडमध्ये. आणि ‘सिमटेल-२०’ हे नामांकित गुदाम तर न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र चाचणीच्या लष्करी तळावर! आत जाण्यासाठी नावाच्या जागी ‘अनॉनिमस’, म्हणजे निनावी, एवढेच लिहायचे. परवलीच्या शब्दाऐवजी आपला ई-मेल पत्ता द्यायचा, असा शिरस्ता होता. तो खरा की खोटा, हे सहसा कोणी पडताळत नसे. पाहुण्याने उंबरठ्यावर आपले नाव सांगावे, तसा तो शिष्टाचार होता.

कोणता माल कोणत्या गुदामात आहे, हे कळणे मात्र कठीण होते. १९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आर्ची’ ही शोधव्यवस्था उभारली. ती निरनिराळ्या गुदामांच्या याद्या गोळा करून एकत्र ठेवी. परंतु आर्चीला केवळ फाइलचे नाव कळे, आतील वस्तू कळत नसे. ‘कॅट’ शोधणाऱ्याच्या हाती ‘नेको’ लागत नसे. म्हणूनच कीथ पीटरसन सांभाळत असलेल्या सिमटेलच्या यादीचे मोल मोठे होते. तीत फाइलचे नाव, आकार, तारीख आणि एका ओळीत वर्णन असे. उत्तम मुनिमाच्या वहीसारखी ती यादी होती.

माल उतरवून घेणे हेही धीराचे काम. सेकंदाला २४०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवरून १०० किलोबाइटची फाइल घरी यायला सुमारे ७ मिनिटे लागत. आणण्यापूर्वी ‘बायनरी’ ही आज्ञा द्यायची विसरले, तर पुष्कळदा फाइल बिघडून हाती येई. १९८९ साली फिल कॅट्झ यांनी प्रचारात आणलेल्या झिप पद्धतीने फाइल लहान होई. शिवाय प्रत्येक फाइलसोबत पडताळणीचा एक आकडा असे. बिजकावरील वजन आणि काट्यावरील वजन जुळवून पाहावे, तशीच ही खातरजमा.

या साऱ्या व्यवहारात पैशाचे काय? त्याचे उत्तर व्यापाऱ्याला विचार करायला लावणारे आहे. १९८२ साली अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम नॉफ या दोघांनी, एकमेकांची ओळख नसताना, एकच मार्ग धरला. प्रोग्रॅम खुशाल वापरा, इतरांनाही द्या. उपयोगी वाटला तर पैसे पाठवा, अशी विनंती त्यांनी प्रोग्रॅमसोबतच ठेवली. परस्परांचा पत्ता लागल्यावर त्यांनी स्पर्धा न करता एकमेकांच्या प्रोग्रॅमची शिफारस करायचे ठरवले. फुकट वापरणारे अनेक होते. तरी पैसे पाठवणारेही इतके निघाले की १९८४ साली नॉफ यांनी आयबीएमची नोकरी सोडली. पुढे ‘शेअरवेअर’ या नावाने हीच रीत खेळांनीही उचलली. १९९० च्या ‘कमांडर कीन’ या खेळाचा पहिला भाग मोफत होता. पुढचे भाग पैसे भरून टपालाने मागवावे लागत. आधी नमुना, मग मोल!

१९९३ साली सिमटेल-२० बंद झाले. फाइली मात्र बुडाल्या नाहीत, कारण वॉलनट क्रीक सीडीरॉम या कॅलिफोर्नियातील कंपनीने त्या सीडींवर भरून विकायला सुरुवात केली होती. पुढे संग्रहाचा सांभाळही तिनेच केला. अखेर २०१३ साली सिमटेलचे दार कायमचे मिटले. त्या सीडींच्या प्रती आता इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन केल्या आहेत, आणि त्यांत एका ओळीच्या वर्णनांची ती जुनी यादीही आहे. गुदामाला कुलूप नव्हते, चौकीदार नव्हता. नेमाने वही लिहिणारा माणूस होता. परक्यांनी परक्यांवर टाकलेला विश्वास इतकी वर्षे टिकला, तो अशाच वहीच्या आधारावर.