‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं? (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण वॉटरफॉल पद्धत पाहिली. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, त्यावर सह्या घ्यायच्या, मग आराखडा, मग कोड आणि अगदी शेवटी चाचणी. या वेळी अ‍ॅजाइल. त्यासाठी मी अमेरिकेच्या एफबीआयचा एक प्रकल्प निवडला आहे, कारण तो जुन्या वाटेनं अडकला, नव्या वाटेनं सुटला आणि या सगळ्याचा हिशेब तिथल्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी वेळोवेळी अहवालांत मांडून ठेवला.

तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर आणायच्या, एवढंच काम होतं. पहिला प्रयत्न २००५ मध्ये गुंडाळावा लागला आणि त्यात सुमारे १७ कोटी डॉलर गेले. २००६ मध्ये ‘सेंटिनेल’ नावानं दुसरा सुरू झाला. चार टप्पे, खर्चाची तरतूद पुढे ४५.१ कोटी डॉलरवर गेली. ऑगस्ट २०१० पर्यंत त्यातले सुमारे ४०.५ कोटी संपले होते आणि चारांपैकी दोनच टप्पे हाती आले होते.

इथे जरा थांबून विचार करा. चार वर्षं दर महिन्याला प्रगतीचे अहवाल जात असणार. गरजांचा दस्तऐवज झाला, आराखडा झाला, मॉड्यूल झालं. पण फाइल उघडून बसलेल्या तपास अधिकाऱ्याला त्यातलं किती वापरता येत होतं? जुन्या पद्धतीत ‘झालं’ हा शब्द कागदाला लागतो. अ‍ॅजाइल समजून घ्यायचं तर या एका शब्दाचा अर्थ कसा बदलला, तेवढं पाहिलं तरी पुरे.

२०१० च्या शरद ऋतूत एफबीआयनं प्रकल्पाची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. कंत्राटी माणसं सुमारे २२० होती, ती ४० वर आणायचं ठरलं. उरलेलं काम ६७० ‘युझर स्टोरीं’मध्ये फोडलं. युझर स्टोरी म्हणजे दोन-तीन ओळींची चिठ्ठी: कोणाला, काय करता यायला हवं आणि कशासाठी. ‘सिस्टिममध्ये शोध सुविधा असावी’ ही युझर स्टोरी नव्हे. ‘अधिकाऱ्याला स्वतःकडे मंजुरीसाठी आलेले अर्ज एका यादीत दिसावेत, म्हणजे एकही राहून जाणार नाही’ ही युझर स्टोरी. दुसऱ्या वाक्यात माणूस दिसतो, त्यामुळे काम झालं की नाही हे त्या माणसालाच विचारता येतं.

या सगळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा म्हणजे बॅकलॉग. त्यात वर काय, खाली काय, हे ठरवण्याचा अधिकार एका माणसाकडे असतो, तो प्रॉडक्ट ओनर. टीम वरच्या काही चिठ्ठ्या उचलते आणि ठरावीक दिवसांत त्या पुऱ्या करते. सेंटिनेलमध्ये ही मुदत दोन आठवड्यांची होती. हाच स्प्रिंट. प्रत्येक चिठ्ठीला आधी आकाराचा अंदाज म्हणून पॉइंट द्यायचे. स्प्रिंट संपला की काम चालवून दाखवायचं, हाच डेमो. चाललं तर पॉइंट जमा. ‘नव्वद टक्के झालंय, फक्त टेस्टिंग राहिलंय’ असं असेल तर शून्य. हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला अन्यायाचा वाटला होता. आता वाटतं, सगळी पद्धत याच शून्यावर उभी आहे. चार-पाच स्प्रिंटनंतर टीमचा खरा वेग कळतो, उरलेल्या पॉइंटना त्यानं भागलं की तारीख निघते, आणि ती तारीख कोणाच्या आशेवर अवलंबून नसते.

सेंटिनेलही सरळ पार पडलं नाही. सप्टेंबर २०११ ची मुदत हुकली. ऑक्टोबरमध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना एकाच वेळी बसवून सराव घेतला, तेव्हा सिस्टिम दोनदा बंद पडली. हार्डवेअर तेवढा भार पेलणारं नव्हतं. दर दोन आठवड्यांच्या डेमोत स्टोरी चालत होत्या, पण इतक्या माणसांचा भार घेऊन त्या चालवून पाहिल्या नव्हत्या. अखेर जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल सर्वांसाठी सुरू झालं आणि ४५.१ कोटींच्या तरतुदीतच काम भागलं, असा एफबीआयचा हिशेब होता.

थोडा इतिहास. स्प्रिंट आणि बॅकलॉगच्या या पद्धतीला ‘स्क्रम’ म्हणतात. हे नाव रग्बीतलं. ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ च्या एका लेखात ते उत्पादन-विकासासाठी वापरलं, आणि जेफ सदरलँड व केन श्वाबर यांनी नव्वदच्या दशकात ते सॉफ्टवेअरमध्ये आणलं. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप, हे त्यातल्या तत्त्वांपैकी एक.

आपल्याकडे हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत आज स्टँड-अप, म्हणजे रोजच्या छोट्या बैठका, होतात, पुष्कळदा संध्याकाळी, कारण तेव्हा अमेरिकेत सकाळ असते. चिठ्ठ्यांचा बोर्ड असतो, पॉइंट असतात, स्प्रिंटकडे मागे वळून पाहणारा रेट्रो असतो. पण अनेक टीममध्ये डेमो पाहायला मॅनेजर असतात आणि तो सॉफ्टवेअर वापरणारा माणूस कधीच नसतो. मला हे फार मोठं नुकसान वाटतं. बाकी सगळं गाळलं तरी चालेल, पण हा माणूस गाळू नका.

आमची टीम एका रुग्णालयासाठी डिस्चार्जच्या बिलाची स्क्रीन करत होती. रकान्यांचा क्रम, रंग, सेव्हचं बटण, सगळ्याला मंजुरी मिळाली होती. दुसऱ्या डेमोला कोणीतरी आग्रह धरून कॅश काउंटरवरच्या काकांना बोलावलं. ते खुर्चीत बसले, खिशातून नोटांची गड्डी काढली आणि सवयीनं डाव्या हातात धरली. उजव्या हातानं नंबरपॅडवर रक्कम टाकली आणि थांबले. पुढच्या रकान्यात जायला माउस लागत होता. त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या, माउस हलवला, क्लिक केलं, नोटा पुन्हा उचलल्या. आणखी एक रक्कम, पुन्हा नोटा खाली. तिसऱ्या वेळी ते आमच्याकडे वळून म्हणाले, “अहो, समोर रांग असताना मी पैसे असे टेबलावर सोडू शकत नाही.”

दस्तऐवजात हे कुठेच नव्हतं. काकांनाही कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, कारण तो हात त्यांच्या लक्षातच येत नव्हता. आम्ही नवी चिठ्ठी लिहिली: कॅशियरला पूर्ण बिल एका हातानं करता यावं. ती बॅकलॉगमध्ये सगळ्यात वर गेली. पुढच्या डेमोला काका पुन्हा आले. रक्कम, एंटर, रक्कम, एंटर, प्रिंट. नोटा डाव्या हातातच होत्या.