कुंपणाबाहेरच्या वनस्पती

अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गवा, सांबर किंवा वाघ उभा राहतो, आणि ते स्वाभाविक आहे. राधानगरीजवळचे दाजीपूर १९५८ साली राखले गेले ते गव्यांसाठी. खानापूर तालुक्यातील भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याची ख्याती आहे ती तेथील बारापेडे गुहांतील दुर्मिळ वटवाघळांमुळे. परंतु नाहीशा होऊ घातलेल्या वनस्पती कोठे वाढतात आणि या राखीव सीमांचा त्यांना कितपत आधार मिळतो, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो.

यांपैकी कित्येक वनस्पतींचे घर घनदाट अरण्यात नसून आपण ओसाड समजतो अशा जागी असते. सह्याद्रीच्या माथ्यावरील कातळाचे सडेच पाहा. उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापतात; पावसाळ्यात त्यांवरील मातीचा पातळ थर पाण्याने भिजून राहतो. तेवढ्या चार महिन्यांत सीतेची आसवे, दवबिंदू, वायतुरा या वनस्पती रुजतात, फुलतात आणि पुढच्या वर्षाची तरतूद करून ठेवतात. मातीत कस नसल्यामुळे दवबिंदू आपल्या चिकट पानांवर किडे धरून उणीव भरून काढते. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. बाकीच्या अनेक सड्यांना मात्र हा मान नाही. पडीक जमीन म्हणून त्यांच्यावर खाण, रस्ता किंवा पवनचक्की सहज येऊन बसते.

दुसरे उदाहरण शिंदळ माकुडीचे. मांसल देठाची, तांबड्या फुलांवर पिवळे ठिपके असलेली ही छोटी वनस्पती महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कोठेही उगवत नाही. शिवनेरी, वज्रगड अशा किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर ती तग धरून आहे. हे किल्ले काही अभयारण्ये नव्हेत. शेळ्या पोहोचू शकत नाहीत असा कडा हेच तिचे खरे कुंपण. दरड कोसळली की तेही जाते.

गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथे ‘निरंकाराची राय’ नावाची देवराई आहे. तेथील पाणथळीत रानजायफळाची झाडे उभी आहेत. चिखलात हवा मिळत नाही म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीबाहेर डोकावतात. त्यांचे बी वाळले की मरते, त्यामुळे धान्याप्रमाणे ते कणगीत साठवून ठेवता येत नाही. पाणथळ बुजवून तेथे भातशेत किंवा पोफळीची बाग केली, तर ही झाडे दुसरीकडे नेऊन वाचवणे अतिशय कठीण. ही राय पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती गावकऱ्यांच्या श्रद्धेमुळे.

मग अभयारण्ये निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाही. याच सत्तरीत १९९९ साली म्हादई अभयारण्य झाले. अशा सीमेच्या आत मोठी वृक्षतोड व खाणकाम यांना कायद्याने आळा बसतो, ओढे वाहते राहतात आणि त्यांच्या आश्रयाने असंख्य लहान वनस्पती जगतात. तथापि ज्याची मोजदाद होत नाही त्याची राखणही नीट होत नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. त्यात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आले ते १९९१ साली, आणि तेही अवघ्या सहा नावांसह. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढवण्यात आली. शिवाय पहारा वाघावर असला तरी झुडपावर असतोच असे नाही. कर्करोगावरील औषधासाठी लागणारी नरक्या ही वनस्पती सह्याद्रीच्या रानांतून चोरून तोडली जाते. नफा दूरच्या व्यापाऱ्याचा होतो, आणि पकडला जातो तो मजुरीसाठी कोयता उचलणारा गावचा तरुण.

तेव्हा राखीव सीमा हव्यातच. परंतु सडा, कडा आणि पाणथळ यांचे रक्षण गावानेच केले पाहिजे. आपल्या शिवारातील अशा जागा मुलांना दाखवाव्यात आणि तेथील झाडांची नावे वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून ठेवावीत. सड्यावर वणवा लावू नये, आणि कोणी परका मोल देऊन मुळे-साली मागू लागला तर प्रथम वनरक्षकाला कळवावे. ग्रामसभेत सड्याला ‘पडीक’ म्हणून कोणी नाव दिले, तर तेथे काय उगवते हे सांगण्यास गावातील एक तरी माणूस उभा राहावा.