देशातील दाद संपली की पुढचे दार कोणते?

परभणी : पोलिस ठाण्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागून झाली, तर पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाता येते काय? कोठडीतील मृत्यूंमुळे दोनदा देशभर चर्चेत आलेल्या परभणीसाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा दंडक असा, की राज्यसंस्थेविरुद्धची तक्रार बाहेर नेण्यापूर्वी देशातील उपलब्ध उपाय संपवावेत. चूक सुधारण्याची पहिली संधी त्या देशालाच मिळावी, हा त्यामागील हेतू. युरोपीय मानवी हक्क न्यायालयात अंतिम देशांतर्गत निकालानंतर चार महिन्यांत अर्ज करावा लागतो. २०२२ पूर्वी ही मुदत सहा महिने होती. मात्र उपाय निव्वळ कागदोपत्री असल्यास वा त्यास अवाजवी विलंब लागत असल्यास ही अट आड येत नाही.

विलंब म्हणजे काय, हे परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस याच्या प्रकरणात दिसते. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणी अटकेत असलेला युनूस जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून पळाल्याचे सांगण्यात आले. त्याचा मृत्यू कोठडीतच झाल्याचा निष्कर्ष पुढे सीआयडीने काढला. आरोपी पोलिसांविरुद्धच्या खटल्यात साक्षी सुरू होण्यास २०१८ साल उजाडले.

विधी शाखेचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्यात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात नकार दिला.

भारतीयांसाठी मात्र या पायऱ्यांपुढे न्यायालय नाही. आशियात युरोपासारखे प्रादेशिक मानवी हक्क न्यायालय नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. परंतु व्यक्तीला थेट तक्रारीची मुभा देणारा पूरक करार स्वीकारलेला नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी झाली, अनुमोदन झाले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना देशातील उपाय न संपवताही लिहिता येते. त्यांची पत्रे सरकारवर बंधनकारक नसतात.

देशातील उपायांनाही मुदती आहेत. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ अन्वये घटनेला एक वर्ष उलटल्यावर राष्ट्रीय वा राज्य आयोगास चौकशी करता येत नाही. याच कायद्यात जिल्ह्याच्या सत्र न्यायालयास मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमण्याची तरतूद आहे. परभणीच्या कुटुंबांसाठी न्यायाची वाट अशा रीतीने जिल्ह्यात सुरू होते आणि दिल्लीत संपते. ती वाट वेळेत पार होते की नाही, यावरच सारे अवलंबून राहते.