घरी डिजिटल रेडिओ : निवड, मांडणी आणि सुरक्षित वापर

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि घाट चढून पुणे जिल्ह्यात शिरले. मुळशी, मावळ, जुन्नर या तालुक्यांत हरितगृहांचे कागद फाटले, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. अनेक गावांत वीजपुरवठा लगेच पूर्ववत झाला नाही. वीजपुरवठा थांबला की मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरीही काही तासांत उतरते आणि हातातला महागडा फोन केवळ घड्याळाच्या कामाचा राहतो. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ मात्र बोलत असतो. कासार आंबोली, पिरंगुट, पौड या पट्ट्यातील भात उत्पादकांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. इंद्रायणी कापून खाचरात पसरली आहे आणि उद्या पाऊस आहे, ही बातमी आज सायंकाळी मिळाली तर पेंढ्या उचलता येतात. उद्या दुपारी मिळाली तर तिचा उपयोग नाही.

शेती आणि रेडिओ यांचे नाते आपल्या भागात जुने आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६ साली, युनेस्कोच्या साहाय्याने याच केंद्रावरून रेडिओ ग्रामीण मंडळांचा प्रयोग झाला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. प्रयोग यशस्वी ठरला आणि १९५९ पासून ही कल्पना देशभर नेण्यात आली. पुढे २००४ साली आकाशवाणीने 'किसानवाणी' सुरू केली. आता काळ डिजिटल रेडिओचा आहे असे सांगितले जाते. तेव्हा हा संच म्हणजे नेमके काय, तो घ्यावा की नाही आणि घेतल्यास घरात कसा बसवावा, याची माहिती घेऊ.

'डिजिटल' म्हणजे काय?

बाजारात या एका शब्दाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि येथेच गिऱ्हाईक फसते. पहिला प्रकार म्हणजे ज्या रेडिओवर काट्याऐवजी आकडे उमटतात तो. केंद्र शोधणे यात सोपे जाते, परंतु प्रक्षेपण जुन्याच पद्धतीचे पकडले जाते. खोक्यावर 'डिजिटल' छापलेले बहुतेक स्वस्त संच या जातीचे असतात. ते वाईट नव्हेत. पण खऱ्या डिजिटल रेडिओची किंमत त्यांना देऊ नये.

दुसरा प्रकार खऱ्या डिजिटल प्रक्षेपणाचा. यात आवाज आकड्यांच्या रूपात पाठविला जातो आणि संच त्याचा पुन्हा आवाज करतो. परदेशात यासाठी निरनिराळ्या पद्धती आहेत. आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी डी.आर.एम. ही पद्धत स्वीकारली आणि अनेक केंद्रांवर तिची प्रक्षेपक यंत्रे बसविली. हे प्रक्षेपण साध्या रेडिओवर लावल्यास केवळ सुसाट वाऱ्यासारखा आवाज येतो. डी.आर.एम. संचावर मात्र एफ.एम.च्या तोडीचा स्वच्छ आवाज मिळतो आणि पडद्यावर केंद्राचे नाव व मजकूरही दिसतो.

तिसरा मार्ग डी.डी. फ्री डिश छत्रीचा. या छत्रीच्या पेटीवर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या ऐकता येतात. चौथा मार्ग मोबाईलवरील प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' या ॲपचा. दोन्ही चांगले आहेत. परंतु छत्रीला वीजपुरवठा लागतो आणि धो-धो पावसात तिचा संदेश तुटतो, तर ॲपला मोबाईलचे जाळे लागते. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज, नेमके त्याच दिवशी दोन्ही मार्ग बंद पडण्याची शक्यता. मध्यम लहरींना पावसाचा असा अडथळा होत नाही.

डोंगर आणि लहरी

पुणे केंद्राचे मध्यम लहरींवरील स्थान ७९२ किलोहर्ट्झ हे आहे. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरते. एफ.एम.ची लहर जेमतेम ३ मीटरची असते. ती प्रकाशासारखी सरळ जाते आणि डोंगराआड तिची सावली पडते. कासार आंबोली आणि पुणे शहर यांच्यामध्ये बावधन-भूगावच्या बाजूचे डोंगर आहेत. त्यामुळे गावात एका आळीत विविध भारतीचे १०१ मेगाहर्ट्झ स्वच्छ लागते आणि ओढ्याकाठच्या घरात खरखर येते, असे घडू शकते. त्यात संचाचा दोष नसतो. संच माडीवर नेऊन पाहावा.

डिजिटल प्रक्षेपणाचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. साध्या रेडिओत संदेश क्षीण झाला तर खरखर वाढते, तरीही निवेदकाचे शब्द कळतात. डिजिटल संचात आवाज एकतर स्वच्छ येतो, नाहीतर मध्ये मध्ये तुटून एकदम बंद पडतो. शिवाय आवाज तयार करण्यास संचाला काही सेकंद लागतात. म्हणून डिजिटल संचावर किंवा ॲपवर वेळेचे ठोके ऐकून घड्याळ लावू नये, ते थोडे मागे पडेल.

खरेदी करताना

आमचे मत स्पष्ट आहे. घरात एकही रेडिओ नसेल, तर आधी मध्यम लहरी व एफ.एम. दोन्ही असलेला, सेलवर चालणारा साधा संच घ्यावा. डी.आर.एम. संच साध्या संचाच्या कितीतरी पट महाग पडतो आणि तो सर्व दुकानांत मिळतही नाही. तो घ्यावयाचा असल्यास आपल्या घरी त्याचे प्रक्षेपण मिळते याची खात्री झाल्यावरच घ्यावा. मध्यम लहरींवरील केंद्रे आणि त्यांच्या वेळा गेल्या काही वर्षांत बदलत आल्या आहेत. त्यासाठी प्रथम साध्या रेडिओवर सकाळी, दुपारी व रात्री ७९२ लावून पाहावे आणि डिजिटल प्रक्षेपणाच्या वेळा आकाशवाणी केंद्राकडे विचाराव्यात. दुकानदाराला संच घरी नेऊन ऐकण्याची मुभा मागावी. ती न देणाऱ्याकडून हा संच घेऊ नये. गंमत अशी की, भारतात विकल्या गेलेल्या अनेक नव्या मोटारींत डी.आर.एम. ऐकण्याची सोय कंपनीनेच बसविलेली आहे. घरच्या किंवा पाहुण्यांच्या गाडीत ती असेल तर ओट्यासमोर गाडी उभी करून फुकटात चाचणी होते!

मोबाईलमधील एफ.एम.साठी हेडफोनची वायर हाच एरियल असतो. ज्या फोनमध्ये एफ.एम.ची सोय आहे, त्यासोबत वायरचा हेडफोन जपून ठेवावा.

संच कोठे व कसा ठेवावा?

मध्यम लहरींचा एरियल संचाच्या पोटात असतो. काळसर कांडीवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. ही कांडी सर्वसाधारणपणे संचाच्या लांबीच्या दिशेने बसविलेली असते. कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली तर आवाज जास्तीत जास्त येतो, टोक केंद्राकडे असले तर कमीत कमी. कासार आंबोलीहून पुणे पूर्वेस येते. म्हणून संच दक्षिणोत्तर लांब ठेवून पाहावा आणि मग थोडा थोडा फिरवून उत्तम जागा ठरवावी. एफ.एम.साठी बाहेर निघणारी दांडी सुमारे ७५ सेंटीमीटर उघडावी. पत्र्याच्या घरात किंवा लोखंडी कपाटाजवळ संदेश कोंडला जातो. संच लाकडी खिडकीशी ठेवावा, मात्र पावसाचे शिंतोडे येणार नाहीत असा.

आवाजात सतत घूं घूं किंवा खरखर येत असेल, तर दोष बहुधा घरातच असतो. संच सेलवर चालू ठेवून घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर थांबली तर कारण घरात आहे. मग मुख्य स्विच चालू करून एकेक उपकरण लावत जावे. हलक्या प्रतीचे एल.ई.डी. दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, सौर पंपाचे नियंत्रक आणि कुंपणाचे झटका यंत्र ही नेहमीची गुन्हेगार मंडळी. मुख्य स्विच बंद करूनही खरखर राहिली तर ती बाहेरच्या वीजवाहिनीची किंवा शेजारची असू शकते. अशा वेळी कांडीचे टोक त्या दिशेला येईल असा संच फिरवून पाहावा, खरखर पुष्कळ कमी होते. डिजिटल संचात खरखर ऐकूच येत नाही, नुसता आवाज तुटतो. म्हणून ही तपासणी साध्या संचावर करावी आणि मिळालेल्या शांत जागी डिजिटल संच ठेवावा.

बाहेरचा एरियल

वरील उपायांनी भागत नसेल तरच बाहेर तार ओढावी. ८ ते १० मीटर तांब्याची तार पुरते. तिची दोन्ही टोके चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या गुटक्यांना बांधावीत. तार किंवा तिचा बांबू कोणत्याही दिशेला कोसळला तरी वीजवाहिनीला स्पर्श होणार नाही इतके अंतर ठेवावे. वीजवाहिनीवरून किंवा तिच्याखालून तार कधीही नेऊ नये. महावितरणच्या खांबाला, त्याच्या ताणाला किंवा सर्व्हिस वायरला ती बांधू नये. दरवर्षी माणसे दगावतात ती अशाच 'तात्पुरत्या' बांधणीने. ओल्या जमिनीवर, लोखंडी शिडीवर उभे राहून हे काम करू नये. एकट्यानेही करू नये.

आकाशातील वीज

आपल्याकडे एप्रिल ते जूनच्या वळिवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा अधिक पडतात. बाहेरची तार, छत्री आणि विजेची वायर या तिन्ही मार्गांनी त्यांचा झटका घरात येतो. यासाठी ढग जमू लागताच, म्हणजे गडगडाट जवळ येण्यापूर्वी, एरियलची तार संचातून काढून खिडकीबाहेर टाकावी. संचाची व छत्रीच्या पेटीची पिन बोर्डातून उपसावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. विजा चमकू लागल्यावर या तारांना हात लावू नये. संच जळाला तर जळू द्यावा. तारेला अर्थिंग केले म्हणजे निश्चिंत झालो, असेही समजू नये. थेट पडणारी वीज अर्थिंगला जुमानत नाही. यानंतर रेडिओ केवळ सेलवर, बाहेरची तार न जोडता ऐकावा. तो पक्क्या घरात सुरक्षित असतो.

चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. साधारण ३ सेकंदांना १ किलोमीटर अंतर धरावे. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर शेतातील काम सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली किंवा उघड्या गोठ्यात थांबू नये. साध्या मध्यम लहरींच्या संचाचा येथे एक फायदा आहे. केंद्र नसलेल्या जागी, कमी आकड्यांच्या बाजूला काटा ठेवला तर दूरची प्रत्येक वीज 'कडक्' अशी ऐकू येते. कडकडाट वाढत व जोरात होत गेला तर वादळ आपल्याकडे येत आहे असे समजावे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲपही आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. जाळे चालू असेपर्यंत त्याचा उपयोग करावा.

सेल आणि चार्जर

जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत. धन-ऋण खुणा पाहून बसवावेत. महिनाभर रेडिओ लावावयाचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, अन्यथा ते पाझरून पट्ट्या खातात. साधे सेल चार्ज करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. लिथियम बॅटरीच्या संचाला त्याच्यासोबत आलेलाच किंवा त्याच व्होल्टचा चार्जर लावावा, तो अंथरुणावर किंवा कडब्याजवळ लावू नये, रात्रभर लावून झोपू नये. बॅटरी फुगलेली दिसताच वापर थांबवावा. खाचरातून आल्यावर ओल्या हातांनी पिन लावण्याची सवय घरातील सर्वांनीच मोडावी. रानडुकरांच्या राखणीसाठी काही शेतकरी रात्री मचाणावर रेडिओ लावून ठेवतात. तो सेलवरच असावा, पंपाच्या पेटीतून वायर ओढून घेऊ नये.

बोलण्याचे डिजिटल संच

अलीकडे दोन्ही बाजूंनी बोलता येणारे वायरलेस संचही 'डिजिटल रेडिओ' या नावाने विकले जातात. ऐकण्याच्या रेडिओला परवाना लागत नाही. या संचांची गोष्ट वेगळी आहे. सरकारने मोकळ्या ठेवलेल्या ठरावीक लहरींवरील कमी शक्तीचे संच सोडल्यास त्यांना परवाना आवश्यक असतो. बिलावर लहरींचे आकडे आणि मान्यतेचा उल्लेख नसेल तर असा संच घेऊ नये.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एकदा सेल बदलून, एरियलचे गुटके पाहून आणि ७९२ व १०१ हे आकडे संचाच्या पाठीवर पक्क्या शाईने लिहून ठेवावेत. वादळाच्या रात्री अंधारात संच हाती घेणारा घरातील कोणीही असू शकतो.