शोधाला पत्ता द्या

चंद्रावरून चीनची भिंत दिसते का? आमच्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पवहीत ‘दिसते’ असे ठासून लिहिले होते. विचारले तर म्हणाला, ‘‘सर, इंटरनेटवर शोधले.’’ शोधले होते खरेच! पण समोर आलेल्या ढिगातले पहिले पान उचलले होते.

मित्रहो, जरा गणित करा. साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापेक्षा जवळचे दोन बिंदू आपल्या डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. तेथून एक कला म्हणजे जवळजवळ ११० किलोमीटर! लांब रेघ याहून अरुंद असली तरी डोळ्याला जाणवते, हे खरे. पण भिंतीची रुंदी अवघी काही मीटर आहे.

गणित न करताही त्याला खरे उत्तर मिळाले असते. फक्त कुठे शोधायचे, हे शोधयंत्राला सांगायला हवे होते. गूगलच्या चौकटीत आपले शब्द इंग्रजीत लिहा. पुढे ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून अपूर्णविराम (:) आणि मध्ये जागा न सोडता ‘नासा डॉट जीओव्ही’ हा पत्ता, हेही इंग्रजी अक्षरांत. आता अमेरिकेच्या या अवकाशसंस्थेचीच पाने पुढे येतील. असे का होते? तुम्ही विचारता त्या क्षणी यंत्र जगभर हिंडत नसते. आधीच गोळा केलेल्या पानांची सूची ते चाळते. सूचीत प्रत्येक पानाचा पत्ता असतोच. न जुळणारी पाने गळतात.

२००८ साली सुरू झालेल्या डकडकगो या शोधयंत्राची तऱ्हा वेगळी. उद्गारचिन्हाला लागून इंग्रजी ‘डब्ल्यू’ लिहा, जागा सोडून आपला शब्द लिहा, की तुम्ही थेट विकिपीडियावर! अशा हजारो खुणा आहेत. त्यांना ‘बँग’ म्हणतात. येथे डकडकगो स्वतः काही शोधत नाही. पोस्टमनसारखे तुमचा प्रश्न त्या दारात टाकून मोकळे होते. पुढचे शोधणे त्या घराचे.

अर्थात घर चुकीचे निवडले, तर उत्तरही तसेच मिळणार.

आमच्या विद्यार्थ्याने पुन्हा शोध घेतला. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांना २००३ साली पृथ्वीभोवतीच्या कक्षेतूनही भिंत दिसली नव्हती, हे त्याला सापडले. जुने वाक्य खोडून त्याने विचारले, ‘‘सर, मग दिवसाउजेडी चंद्रावरून आपली मुंबई तरी दिसेल का?’’ नकाशा घ्या, मुंबईची लांबी मोजा आणि कोन काढून पाहा.