दळण आणि दट्ट्या

मराठीच्या प्राध्यापकाने कॉफीवर लिहावे, यात थोडा आगाऊपणा आहे. त्यातून आमचे महाड चहाचे गाव. बाजारपेठेत कोठेही उभे राहा, हातात चहाचा पेला येतोच. पण गेल्या दिवाळीत पुण्याच्या धाकट्या भावाने एस्प्रेसो करण्याचे छोटे यंत्र आणून दिले आणि घरातली शांतता गेली.

भेटीमागे हेतू होता. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी आमच्या घरात शिरले, तेव्हापासून तो आईला पुण्यास नेऊ पाहतो. पोलादपूरची ही माहेरवाशीण काही बधत नाही. "पुण्याची सवय इथेच लागू दे," तो हसत म्हणाला.

एस्प्रेसो म्हणजे जोराच्या दाबाखाली गरम पाणी पुडीतून ढकलून काढलेली कॉफी. मिलानच्या अकिले गाजियांनी १९३८ साली अशा रीतीचे पेटंट घेतले. हिशेब सोपा वाटतो: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. आमची कॉफी दहाव्या सेकंदालाच धो धो वाहिली. चव आंबट, पाणचट.

मी बिया मिक्सरमधून काढल्या होत्या. दोष दाबण्यात असेल असे समजून मी दट्ट्यावर सारा भार टाकला. तेव्हा एका कडेने पिचकारी उडाली आणि ओट्यामागची भिंत रंगली. सौभाग्यवती काय म्हणाल्या ते येथे देत नाही.

आईने पुडीची चिमूट बोटांत चोळली. "अरे, यात भरडाही आहे आणि पीठही. जात्याने असं कधी दळलं नसतं."

पुरात कपाटे गेली, माझी पुस्तके गेली. आईचे जाते तेवढे चिखलातून जसेच्या तसे निघाले. डाळ भरडायची तर मधल्या खुंटीला चिंधी लावून ती वरची तळी किंचित उचलून घेई. पीठ हवे तर चिंधी काढी. मिक्सरचे पाते बी तोडते, दळत नाही. म्हणून बारीक कण कडू उतरतात आणि जाड कण आंबट. मी हाताने फिरवायची चक्की आणली. तिच्यात दोन दातेरी शंकू असतात आणि त्यांतले अंतर कमीजास्त करता येते. म्हणजे जातेच ते!

त्यानंतर जे शिकलो ते असे. कॉफी भरभर वाहिली तर दळण एक घर बारीक करावे. थेंब थेंब पडून कडू झाली तर एक घर जाड. वजन मात्र तेच ठेवावे, नाहीतर दोष कशाचा ते कळत नाही. घर बदलल्यावर पहिली चिमूटभर पूड टाकून द्यावी. ती जुन्या दळणाची असते. गाळणीतल्या पुडीच्या गुठळ्या सुईने मोडाव्यात, पूड सपाट करावी आणि दट्ट्या सरळ धरून एकदाच दाबावा. पूड पुरती बसली की अधिक जोर लावून फारसे काही साधत नाही. दट्ट्या तिरका मात्र होऊ नये. पाण्याला मऊ जागा सापडली की ते तेथूनच वाट काढते, हे महाडकराला वेगळे सांगावे लागत नाही.

पावसाळ्यात आमचे बसलेले गणित पुन्हा बिघडले. बिया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू लागलो, लागेल तेवढ्याच दळू लागलो आणि दळणाचे घर पुन्हा शोधले. चिमूट चोळून निकाल देण्याचे काम आईचे. तिचा अंदाज घड्याळाच्या आधी येतो.

यंदा गणपतीला भाऊ आला. अठ्ठावीस सेकंदांत मधासारखी धार उतरली. कप रिकामा करून त्याने पुण्याचा विषय काढला.

"माझं जातं गाडीत ठेव," आई म्हणाली, "मग बघू."

भावाने कोपऱ्यातल्या जात्याकडे पाहिले आणि दुसरा कप मागितला.