पडद्यावरील आंकडा आणि नोंदींतील आंकडा

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेला सातिवलीचा कारखान्यांचा भाग आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील तेथील गाळ्यांतून काम करितात, आणि महिनाअखेर हातीं येणाऱ्या पगाराच्या चिठ्ठीवर त्यांच्या घरचा किराणा, गाडीभाडें व मुलांची फी अवलंबून असते. ही चिठ्ठी आतां बहुधा संगणक लिहितो. आणि संगणकानें लिहिलेला आंकडा चुकत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, हें गेल्या वर्षीं एका लहानशा प्रसंगानें आम्हांस शिकविलें. तो प्रसंग व त्यामागील शास्त्र आम्ही येथें सांगूं इच्छितों.

आमच्या संगणक-वर्गांतील चार विद्यार्थ्यांनीं आमच्या देखरेखीखालीं सातिवलीच्या एका लहान गाळ्यासाठीं मजुरीचा हिशेब करणारा प्रोग्राम तयार केला. पडद्यावर एक खिडकी उघडावी, तींत कामगाराचें नांव, भरलेले दिवस व जादा तास यांच्या चौकटी असाव्यात, कारकुनांनीं त्या भराव्यात, आणि प्रोग्रामनें पगाराची चिठ्ठी छापून द्यावी, एवढेंच त्याचें काम. पहिल्याच महिन्यांत पॅकिंगच्या खात्यांतील एका बाईंच्या चिठ्ठीवर जादा तासांपुढें शून्य छापून आलें. त्यांचा ताशीं दर ७० रुपये. जादा तासास दुप्पट म्हणजे १४० रुपये. आणि तास ८. म्हणजे प्रश्न १,१२० रुपयांचा होता. बाईंनीं आपले जादा तास घरच्या कॅलेंडरवर तारखेसमोर टिपून ठेविले होते, म्हणून त्या नम्रपणें पण ठामपणें बोलूं शकल्या. कारकुनांचें म्हणणें असें कीं, “मीं ८ हा आंकडा चौकटींत लिहिला, आणि तो पडद्यावर उमटलेला माझ्या डोळ्यांनीं पाहिला.” मुलांनीं प्रोग्रामची नोंद उघडून पाहिली, तींत शून्यच होतें. बाई खरें बोलत होत्या. कारकूनही खरें बोलत होते. मग चूक कोणाची? चूक आमची होती. ती कशी झाली हें समजण्यास थोडें मुळापासून सुरुवात केली पाहिजे.

आपण पडद्यावरील चौकटींत ८ लिहितों तेव्हां संगणकांत एकाच गोष्टीचे दोन आंकडे असूं शकतात. एक चौकटींत दिसणारा. तो केवळ अक्षरांच्या रूपानें असतो. दुसरा प्रोग्रामच्या स्मृतींत असणारा. गुणाकार-बेरीज ह्याच्यावर होते, तोच फाइलींत जतन होतो व तोच चिठ्ठीवर छापला जातो. चौकट, यादी, बटण, निवडीची खूण ह्या सर्वांस प्रोग्राम लिहिणारे लोक ‘कंट्रोल’ म्हणतात, व स्मृतींतील नोंदीस ‘डेटा’ म्हणतात. हे दोन आंकडे आपोआप सारखे राहत नाहींत. त्यांस सारखे ठेवण्याची कांहीं तरी तजवीज करावी लागते.

जुनी तजवीज हाताची होती. चौकटींतील मजकूर वाचा, त्याचा आंकडा करा, नोंदींत ठेवा. नोंद बदलली कीं एकूण रकमेची चौकट बदला, महिन्याच्या बेरजेची ओळ बदला, यादींतील आंकडा बदला, असें प्रत्येक ठिकाणीं प्रोग्राम लिहिणाऱ्यास स्वतः लिहावें लागे. दहा चौकटी असतील तर हें निभावतें. शंभर झाल्या म्हणजे एखादें ठिकाण विसरतेंच, आणि मग एकाच खिडकींत वर एक रक्कम व खालीं दुसरी रक्कम दिसूं लागते. एकच जमाखर्च चार वह्यांत उतरून ठेवणाऱ्या दुकानदाराची जी स्थिति होते, तीच ही.

यावरील उपाय म्हणजे कंट्रोल व डेटा यांची कायमची गांठ बांधणें. या युक्तीस ‘डेटा-बाइंडिंग’ असें नांव आहे. वसईच्या वाड्यांत पूर्वीं विहिरींवर व बावखलांवर रहाट चालत, हें आमच्या वाचकांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकिलें असेल. बैल आडवें चाक फिरवी. त्याचे दांते उभ्या चाकाच्या दांत्यांत अडकलेले असत. म्हणून उभें चाक फिरे आणि गाडगीं पाणी घेऊन वर येत. प्रत्येक गाडगें हातानें ओढण्यास माणूस ठेवावा लागत नसे. एकदां दांत्यांत दांता नीट बसविला कीं पुढील काम चाकेंच करीत. बाइंडिंग म्हणजे असाच दांत्यांत दांता बसविणें होय. ‘ह्या चौकटींतील मजकूर म्हणजे त्या नोंदींतील जादा तास’ असें एकदां सांगून ठेवावयाचें. मग एक बदलला म्हणजे दुसरा बदलतो.

ही कल्पना एका दिवसांत जन्मली नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलँड यांनीं ‘स्केचपॅड’ नांवाचा प्रोग्राम दाखविला. त्यांत पडद्यावरील रेषांना परस्परांशीं बांधून ठेवितां येई; एक हलविली कीं दुसरी आपली अट संभाळून हले. १९७८-७९ च्या सुमारास नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग हे कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत असतांना त्यांनीं माहिती, तिचें पडद्यावरील दर्शन व माणसाच्या आज्ञा हीं तीन निरनिराळीं खातीं मानावींत, असा विचार मांडला. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा ‘व्हिसिकॅल्क’ हा कोष्टकांचा प्रोग्राम विक्रीस आला. त्यांत एका घरांतील आंकडा बदलतांच त्यावर अवलंबून असलेलीं घरें नव्यानें मोजलीं जात. पुढें १९९३ च्या ‘व्हिज्युअल बेसिक’च्या तिसऱ्या आवृत्तींत खिडकींतील चौकटी थेट माहितीच्या कोठारास जोडण्याची सोय आली, आणि २००६ सालीं मायक्रोसॉफ्टच्या ‘डब्ल्यूपीएफ’ या पद्धतींत तर बाइंडिंग हाच सर्व रचनेचा कणा झाला. आमच्या मुलांनीं हीच पद्धति वापरली होती.

आतां ही गांठ प्रत्यक्षांत चालते कशी, तें पाहूं. पडदा नोंदीकडे सारखा टक लावून बसलेला नसतो. नोंद बदलली तर तिनेंच तशी वर्दी द्यावी लागते. ही वर्दी म्हणजे ‘अमुक नांवाची बाब बदलली’ एवढाच निरोप असतो. तो मिळाला कीं त्या नांवाशीं बांधलेलीं सर्व कंट्रोलें नवा आंकडा वाचून घेतात. वर्दी देण्यास प्रोग्राम लिहिणारा विसरला तर नोंद बदलते, पण पडदा जुनेंच दाखवीत राहतो. शिपायानें नोटीस फिरविलीच नाहीं, तर वर्गांतील मुलें जुन्या वेळापत्रकाप्रमाणें बसणारच. त्यांत मुलांचा दोष नाहीं.

गांठीचे प्रकारही अनेक आहेत, आणि कोठें कोणती घालावी हें ठरविणें हेंच खरें कौशल्य. कारखान्याचें नांव खिडकी उघडतांना एकदां वाचलें कीं पुरे. तेथें एकवारची गांठ चालते. एकूण पगार हा हिशेबानें निघतो, तो कोणी हातानें बदलतां कामा नये. म्हणून तेथें नोंदीकडून पडद्याकडे अशी एकेरी गांठ असावी. जादा तास मात्र कारकुनांनीं लिहावयाचे व नोंदींतूनही दिसावयाचे. तेथें दुहेरी गांठ लागते. एकूण पगारास कोणीं दुहेरी गांठ घातली, तर बैलानें चाक फिरविण्याऐवजीं गाडग्यांनीं बैल फिरवावा, तसा उलटा प्रकार होईल.

इतकें समजल्यावर आमची चूक सांगणें सोपें आहे. गांठ कोठें व कोणत्या दिशेनें, याचा विचार मुलांनीं केला होता. ती ‘केव्हां’ चालते याचा केला नव्हता. या पद्धतींत मजकुराच्या चौकटीचा नेहमींचा नियम असा आहे कीं, लिहिणारा ती चौकट सोडून दुसरीकडे गेला म्हणजेच तींतील आंकडा नोंदींत उतरतो. कारकून इतर सर्व कामगारांच्या वेळीं माउसनें ‘नोंदवा’ हें बटण दाबीत. बटणाकडे जातांना चौकट सुटे व आंकडा उतरे. बाईंचें नांव यादींत शेवटचें. घाईच्या वेळीं कारकुनांनीं हात कळफलकावरून न काढतां दोन कळा एकदम दाबून जतन करण्याची आज्ञा दिली. त्या आज्ञेनें चौकट सुटली नाहीं. पडद्यावर ८ तसाच उभा राहिला. नोंदींत शून्य राहिलें. आणि चिठ्ठी नोंदीवरून छापली गेली.

यावर उपाय दोन होते. प्रत्येक कळ दाबतांच आंकडा नोंदींत उतरावा, अशी गांठ घालतां येते. परंतु १२ लिहितांना क्षणभर नोंदींत १ जातो व सर्व बेरजा डळमळतात. म्हणून मुलांनीं दुसरा मार्ग पत्करला: जतनाची आज्ञा कोणत्याही वाटेनें येवो, प्रोग्रामनें प्रथम उघड्या चौकटींतील आंकडा नोंदींत उतरवावा, मगच जतन करावें. शिवाय त्यांनीं खिडकींत एकूण पगाराची चौकट नव्यानें घातली व ती एकेरी गांठीनें नोंदीस बांधली. ती पहिल्यापासून असती, तर रक्कम वाढली नाहीं हें कारकुनांच्या तत्काळ लक्षांत आलें असतें. आपण स्वतः लिहिलेला आंकडा पुन्हां पाहणें ही तपासणी नव्हे; नोंदींतून परत आलेला आंकडा पाहणें ही तपासणी होय.

या दुरुस्तीच्या वेळीं दुसरी एक गोष्ट उघडकीस आली. एका विद्यार्थ्यानें मराठी कळफलक लावून देवनागरी ८ लिहिला, तेव्हां चौकटीभोंवतीं तांबडी रेघ उमटली व आंकडा नोंदींत गेलाच नाहीं. कारण असें कीं, जगांतील लिप्यांच्या चिन्हांस क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्यें इंग्रजी आठाचा क्रमांक ५६ आहे व देवनागरी आठाचा २४१४. आपणांस दोहोंचा अर्थ एकच. पण अक्षरांचा आंकडा करणारें सी-शार्प भाषेंतील नेहमींचें साधन फक्त इंग्रजी अंकच ओळखतें. पायथन भाषेंत तीच अडचण येत नाहीं. तेथें देवनागरी ८ सरळ आठच समजला जातो. म्हणून गांठीच्या मध्यें एक दुभाषा बसवावा लागतो. तो लिहितांना मराठी अंकांचे मूल्य करून आंत पोंचवितो व दाखवितांना मूल्याचे मराठी अंक करून बाहेर आणितो. मुलांनीं तो बसविला. आतां त्या गाळ्यांतील चिठ्ठी मराठी अंकांत निघते, व ती वाचण्यास कोणाची मदत घ्यावी लागत नाहीं.

बाईंस त्यांचे १,१२० रुपये दुसऱ्याच दिवशीं मिळाले. चारही विद्यार्थी त्या वेळीं तेथें हजर होते. ‘आमच्या प्रोग्राममुळें हें झालें’ असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें, याचा आम्हांस प्रोग्रामाहून अधिक संतोष वाटला.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, जो आंकडा महत्त्वाचा, त्याचें घर एकच असावें. बाकी सर्व ठिकाणीं त्याचें प्रतिबिंब असावें. आणि हें प्रतिबिंब केव्हां व कोणत्या वाटेनें पडतें, तें तुम्हांस नेमकें ठाऊक असावें. प्रोग्राम तपासतांना जसें तुम्ही स्वतः वापरतां तसेंच वापरून थांबूं नका. घाईंत असलेला, कळफलक न सोडणारा, मराठींत लिहिणारा माणूसही तो वापरणार आहे, हें ध्यानांत ठेवा. आणि पालकांस विनंति अशी कीं, संगणकावर अविश्वास ठेवूं नये, पण घरच्या कॅलेंडरवर आपले तास टिपण्याची संवयही सोडूं नये. त्या दिवशीं आमच्या चार हुशार मुलांची चूक कॅलेंडरावरील पेन्सिलीच्या आठ खुणांनींच दाखवून दिली.